एका दिवसाचा मागणी अर्ज

सिद्धेश्वर, ता. औंढा, जि. हिंगोली
१८ जानेवारी २००२

चि. रागिणीस अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला तुझी आई, आमची मोहिनी, कनेरगाव नाक्याहून आली होती. तिनं सांगितलं की पुण्यात कॉलेजच्या जोडीला तू जपानी भाषेचा क्लास लावलास. ती निघून गेल्यावर मी धरणाच्या भिंतीवर जाऊन बसलो. वाटलं, आपण सहावीत नकाशात बोट ठेवून 'जपान, उगवत्या सूर्याचा देश' असं घोकलं, तिथली बोली आता आपल्या घरात येणार.

तेव्हा एक मागणं आहे. मला ही भाषा शिकव. पोस्टानं. हसू नकोस. निवृत्त माणसाचा दिवस फार लांब असतो, आणि शाळेतल्या कविता म्हणून म्हणून आता भिंतीलाही पाठ झाल्या आहेत.

कागदाची चिंता करू नकोस. नोकरी सुटताना जुन्या नमुना सातच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा मी घरी आणला. ज्याला कालव्याचं पाणी पाहिजे त्यानं भरायचा मागणी अर्ज. पाठकोरे आहेत, हे पत्र त्यावरच लिहितोय. पस्तीस वर्षं पाटकरी होतो तुझा आजोबा, आणि सगळ्यांना एकच वाक्य ऐकवलं: "अर्ज आल्याबिगर पाणी न्हाई." तोंड कोरडं पडलेलं दिसलं तरी आधी अर्ज, मग पाणी.

आजी म्हणते, "म्हातारपणी ही थेरं काहून?" आत्ताच तिनं चुलीपासून हाक मारून रोजच्यासारखं विचारलं, "पट्टी काय म्हणती?" पट्टी म्हणजे धरणातलं पाणी मोजायची आकडे घातलेली पट्टी. नोकरीत ती वाचणं माझंच काम होतं. अजून संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा वाचून येतो आणि हिला सांगतो. सवय, दुसरं काय.

तुझा,
मुंजाजी आजोबा

*

पुणे, २ फेब्रुवारी २००२

ती. आजोबांस सा. न.

हसले नाही. खरं तर थोडं हसले, मग लगेच वही काढली. लिपी राहू द्या, सगळं देवनागरीतच लिहू.

सध्या क्लासमध्ये 'हवं असणं' चाललंय, तुमच्या अर्जांसारखंच. एखादी वस्तू हवी असेल तर 'होशी'. मिझु म्हणजे पाणी. 'मिझु गा होशी', पाणी हवं. पण काही करावंसं वाटत असेल तर क्रियापदाला 'ताइ' जोडायचं. इकु म्हणजे जाणं. 'इकिताइ', जायचंय, जावंसं वाटतं. आपल्याकडं 'पाहिजे' आणि 'वाटतं' वेगळे पडतात ना, तसंच.

स्वाध्याय देते. आपल्या घरादारात कुणाला काय हवं, कुणाला काय करायचंय, पाच वाक्यं लिहून पाठवा. मी लाल शाईनं तपासीन.

आजीला नमस्कार.

रागिणी

*

सिद्धेश्वर, २० फेब्रुवारी २००२

चि. रागिणी,

बाई, स्वाध्याय घ्या. जपानी वाक्यं जोडलेल्या कागदावर आहेत, अडलं तिथं मराठी शब्द घातलेत; इथं अर्थ देतो.

मला चहा हवा आहे. (हे वाक्य मी दिवसातून सहा वेळा मराठीतही म्हणतो.) मला पुन्हा सहावीच्या बाकावर बसायचं आहे. शेजारच्या मदीनाबीला पाऊस हवा आहे, कारण तिचा शकील धरणात मासे धरतो आणि पाणी उतरून राहिलंय. मदीनाबीच्या गुलनाजला पुढं शिकायचं आहे. आणि पाचवं, सुभद्राला जुन्या गावी जायचं नाही.

पाचव्याचा खुलासा करतो. तुझ्या आजीचं माहेर काकडधामणी. ते या धरणाच्या पाण्याखाली आहे, तुला माहीत आहे. पट्टीचा सातवा आकडा उघडा पडला की तिकडं तिच्या बापाच्या घराचा दगडी ओटा वर येतो. माझ्या नोकरीत पाच-सहा वेळा आला. मी तिला कधी सांगितलं नाही. जखमेवरची खपली काढायची कशाला? शाळेत माहेराच्या किती कविता आम्ही म्हटल्या, सगळ्यांत डोळ्यांना पाणी आहे. अडतीस वर्षांचा संसार आहे, तिच्या मनातलं मला कळतं. ती आतूनच नको म्हणते.

या उन्हाळ्यात पाणी पुन्हा तितकं उतरेल असं दिसतंय.

तुझा आजोबा

*

पुणे, ६ मार्च २००२

ती. आजोबा,

पहिली दोन वाक्यं बरोबर, शाबास. पुढच्या तिन्हींवर लाल शाई आहे. रागावू नका, मलाही क्लासमध्ये हाच फटका बसला.

जपानीत दुसऱ्याच्या मनातलं असं ठाम लिहीत नाहीत. आमच्या बाई म्हणाल्या, "तू तिच्या आत शिरून आलीस का?" फार तर त्या माणसाच्या वागण्यात काय दिसतं ते लिहायचं. 'इकितागात्ते इरु', म्हणजे जायची ओढ दिसते, तशी लक्षणं दिसतात. नाहीतर त्या माणसानं तोंडानं सांगितलेलं लिहायचं, 'इकिताइ असं ती म्हणते'. गुलनाज शिकायचं म्हणते का? मग तसं लिहा. मदीनाबी आभाळाकडं बघते का? मग तेवढंच लिहा.

आणि पाचवं. आजीनं 'नको' असं तोंडानं म्हटलंय का? म्हटलं नसेल तर लक्षणं कोणती दिसली? मला वाटतं तुम्ही विचारलंच नाही. आजोबा, ओटा वर यायच्या आत विचारा.

आजीला नमस्कार.

रागिणी

*

सिद्धेश्वर, २८ एप्रिल २००२

चि. रागिणी,

उत्तराला उशीर झाला. इथं ऊन फार आहे. धरणाचा गाळ भेगाळलाय आणि पाणी सातव्या आकड्याच्या खाली गेलं. ओटा उघडा पडला, असं शकील सांगत होता.

तू म्हटल्याप्रमाणं आजीला विचारलं. नको म्हणाली. तेव्हा तो विषय संपला. माझं पाचवं वाक्य बरोबर धर आणि लाल शाई पुस.

एक गंमत मात्र झाली. तुझ्या आजीनं गुलनाजकडून एक नमुना सात भरून घेतला आणि अंगठा उठवून माझ्या पुढ्यात ठेवला! अर्जदार सुभद्राबाई. आम्ही सगळे इतके हसलो की मदीनाबीच्या हातातली बशी पडली. म्हातारी अजून चेष्टा करते, हे पाहून बरं वाटलं.

पुढचा धडा पाठव. हा 'हवं-नको'चा आता पुरे.

तुझा आजोबा

*

पुणे, ११ मे २००२

ती. आजोबा,

अर्जात काय मागितलं होतं ते तुम्ही लिहिलंच नाही.

मला नागोयाच्या एका कारखान्यात दुभाष्याची नोकरी मिळाली आहे. सप्टेंबरात जाईन. निघण्याआधी घरी येणं जमेल असं दिसत नाही, पासपोर्टाची धावपळ आहे. पण अर्जाचं मात्र कळवा.

आजीला नमस्कार.

रागिणी

*

नागोया, ९ नोव्हेंबर २००३

ती. आजोबांस सा. न.

मी इथं येऊन चौदा महिने झाले. तुमची तीन पत्रं आली. पाऊस, हळदीचा भाव, शाळेतल्या कवितांच्या आठवणी, सगळं आलं. पण एक वाक्य तपासायला आलं नाही. तुम्ही अभ्यास सोडलात, आणि मी कारण विचारलं नाही.

परवा आईचा फोन आला. आजीला काचबिंदू होता, नांदेडच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं, आता उजेड-अंधार एवढंच कळतं. हे मला तुमच्या पत्रात का नाही? आई म्हणाली, वर्षभर आजी डाळीतले खडे बोटांनी चाचपून काढत होती आणि कुणाला काही बोलली नाही.

आजोबा, त्या अर्जात काय होतं? दीड वर्ष झालं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

रागिणी

*

सिद्धेश्वर, १४ डिसेंबर २००३

चि. रागिणी,

लिहितो. आता लिहायलाच पाहिजे.

मी तिला विचारलं नव्हतं. तुला खोटं कळवलं. 'नको म्हणाली' हे माझं वाक्य, तिचं नव्हे.

गुलनाजच्या अक्षरात तो अर्ज असा होता. अर्जदार: सुभद्राबाई. गाव: काकडधामणी (बुडीत). पिकाच्या जागी रेघ. क्षेत्र: एक ओटा. मागणी: "पाणी उतरलं की माहेरच्या ओट्यावर बसाया एक दिवस." खाली अंगठा.

मी अंगणात बाजेवर बसून तुझीच वाक्यं गिरवत होतो. तिनं अर्ज पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "घ्या. तुमचाच कायदा हाय." मी तो मोठ्यानं वाचला. मदीनाबी हसली, गुलनाज हसली, मी तर फारच हसलो. हातात तुझ्या स्वाध्यायाची लाल पेन्सिल होती. ऑफिसात आम्ही मुदत टळलेल्या अर्जावर जे लिहायचो तेच मी त्यावर लिहिलं. "मुदतबाह्य. नामंजूर." खाली सहीसुद्धा केली.

मदीनाबी म्हणाली, "भाऊ, घरच्या अर्जाला बी तारीख लागती का?" मी म्हणालो, "कायदा म्हंजे कायदा."

सुभद्रापण हसली. हसली म्हणून मी ती गंमत धरली. तिनं कागदाची घडी केली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फिरून आलो. तिनं पट्टी विचारली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर आजपर्यंत नाही. बाई, तू लक्षणं लिहा म्हणाली होतीस ना? अडतीस वर्षं ती रोज संध्याकाळी मला पाण्याचा आकडा विचारायची आणि मी त्याला सवय म्हणालो. ती काय विचारत होती ते मला ती विचारायची थांबल्यावर कळलं. आणि कळूनही मी गप्प बसलो, कारण मला सुटल्यासारखं वाटलं.

का सुटल्यासारखं, तेही सांगतो. चौसष्ट साली माझं लग्न नवीन, नोकरीही नवीन. गाव उठवायची नोटीस घेऊन साहेबांनी मलाच काकडधामणीला पाठवलं. सासरे, कोंडीबा, मेंढरं राखायचे. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "जावईबापू, पाणी कवा येतंय? खरं सांगा." मला काय माहीत असणार? पण जावई म्हणून मान, वर नोकरीचा तोरा. मी म्हणालो, "अजून एक पावसाळा जातो. निवांत ऱ्हावा." पाणी त्याच श्रावणात आलं. त्यांनी मेंढरं तेवढी काढली. सुभद्रा तेव्हा पंचमीला माहेरी होती. कमरेएवढ्या पाण्यातून तिला तिच्या भावानं, प्रभूनं, पाठीवर आणलं. मागं वळून बघायलाही कुणी थांबलं नाही.

याबद्दल ती मला आजवर एक शब्द बोललेली नाही. मला भीती होती, त्या ओट्यावर बसली की बोलेल. म्हणून मी तिला नको असल्याचं ठरवून टाकलं.

गेल्या उन्हाळ्यात सातवा आकडा उघडा पडला नाही. आता पडला तरी तिला दिसायचं नाही. या धड्यात मी नापास आहे. तपासू नकोस.

मुंजाजी

*

नागोया, ११ जानेवारी २००४

ती. आजोबा,

तुमचं पत्र मी गाडीत, कारखान्यात, जेवताना, पुन्हा पुन्हा वाचलं. आधी फार राग आला. मग माझ्याकडची तुमची पत्रं आणि माझ्या पत्रांच्या कच्च्या प्रती काढून बघितल्या. माझ्या पत्रांत आजीसाठी फार तर एकच ओळ आहे, 'आजीला नमस्कार'. तुम्हाला 'विचारा, विचारा' म्हणून सांगणारी मी, मीही कधी विचारलं नाही. आजीला वाचता येत नाही म्हणून सगळं तुम्हालाच लिहिलं. गुलनाज होती की वाचून दाखवायला. निघण्याआधी एक रात्रीची एसटी पकडून घरी येता आलं असतं. ते मी पासपोर्टावर ढकललं.

इथल्या लोकांना मी आता रोज बघते. म्हातारी माणसं 'हे हवं' असं सहसा म्हणत नाहीत. समोरच्यानं ओळखायचं असतं. मी इतकी शिकले आणि आपल्याच घरातलं मला ओळखता आलं नाही.

आता आजीला काय हवं ते मला माहीत नाही. तिला अजून ओटा हवा असेल, असंही मी म्हणणार नाही. विचारा. ती म्हणेल ते करा, ती काही बोलली नाही तर थांबा. आणि तो अर्ज तिच्याकडं असेल तर त्यावरची लाल पेन्सिल खोडा.

हे पत्र आजीला वाचून दाखवा. सगळं.

रागिणी

*

सिद्धेश्वर, २३ मे २००४

चि. रागिणी,

तुझं पत्र सगळं वाचून दाखवलं. तुझ्या रागाची ओळ आली तेव्हा ती म्हणाली, "बराबर हाय." एवढंच.

मग मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि काय सांगू, 'अर्ज आणा' म्हणण्यापेक्षा फार अवघड गेलं. "सुभद्रा, तुला काय पाहिजे?"

"मीठ सरलंय."

"तसं न्हाई. मनातनं काय पाहिजे?"

"आता डोळे गेले. मनातलं घेऊन काय करू, लोणचं घालू?"

तू थांबा म्हणाली होतीस. थांबलो. पौष गेला, होळी गेली. मी रोज पट्टी वाचून यायचो आणि काही बोलायचो नाही. चैत्र अर्धा सरला असेल, मी चप्पल काढत होतो, आणि आतून आवाज आला, "पट्टी काय म्हणती?"

मी उंबऱ्यातच बसलो. म्हणालो, "साडेसात. उतरून राहिलंय." आणि या वेळी पुढचंही विचारलं, "जायचंय का?"

"व्हय."

गेल्या सोमवारी सकाळीच शकीलच्या होडीतून गेलो. मी, ती आणि शकील. मदीनाबीनं भाकरी बांधून दिल्या. गाळात शकीलनं तिला हात दिला. ओट्याशी पोचलो तर मला ओळखू येईना, सगळीकडं शिंपल्या आणि शेवाळाचे डाग. ती मात्र दोन्ही हात पुढं करून चालली आणि पायरीवर नीट पाय ठेवून वर चढली. एक पायरी तुटकी आहे. ती तिनं न चाचपता ओलांडली.

बसली आणि म्हणाली, "अर्ज तर नामंजूर केलता ना तुमी? मंग काहून आणलं?"

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"कोणतं? हे का ते?"

चाळीस वर्षांनी तिनं 'ते' काढलं. मी म्हणालो, "दोन्ही. पाण्याचं मी खोटं सांगितलं होतं. मला माहीतच नव्हतं."

"ते बाबाला बी ठाऊक होतं. जावयाचा शब्द म्हणून बसून ऱ्हायले." मग म्हणाली, "मला बी ठाऊक होतं."

ती हातानं दगडावरचा गाळ सारून काहीतरी शोधत होती. खाली रेघा निघाल्या. वाघ-शेळीचा पट, दगडात छिनीनं कोरलेला. ती आणि प्रभू त्यावर खेळायची. प्रभू जाऊनही आता बारा वर्षं झाली. तिचं बोट एका रेघेवरून निघालं ते कोपऱ्यावर वळून परत आलं, कुठं अडलं नाही. मला भरून आलं. माझी खोड तुला माहीत आहे, सहावीतली माहेराची कविता ओठांवर आली आणि मी सुरू झालो. दुसऱ्या ओळीलाच तिनं हात वर केला.

"तुमी इचारलं होतं ना मला काय पाहिजे?"

"व्हय."

"तुमी जरासं गप ऱ्हावा. एवढंच पाहिजे."

मी गप्प राहिलो. शकीलला तिनं खडे वेचून आणायला सांगितले, शेळ्यांचे लहान, वाघांचे मोठे. ते तिनं चाचपून पटावर मांडले आणि खेळायला लागली. एक चाल इकडून, मग हात फिरवून समोरून एक चाल. समोरची चाल करायला तिला जास्त वेळ लागायचा. मध्येच एकदा हसली आणि केलेली चाल मागं घेतली. कुणाची होती कोण जाणे. ऊन चढलं, शकीलनं टॉवेल धरून सावली केली, तरी तिनं डाव सोडला नाही.

दुपारी शेवटचा खडा उचलला आणि म्हणाली, "चला."

कोण जिंकलं ते मी विचारलं नाही.

तुझा,
मुंजाजी आजोबा

ता. क. पाकिटात तुझ्या उत्तरासाठी घालायला कोरा कागद मागितला तर तिनं ट्रंकेतून घडी काढून दिली. तोच अर्ज आहे, सोबत पाठवतोय. मी लाल पेन्सिल खोडली आहे. पाठीमागं जागा आहे, तुझं उत्तर त्यावरच लिही, आणि वर तिचं नाव घाल. गुलनाज वाचून दाखवील.